चकचकीत रावस

कुठून सुरुवात करू तेच कळत नाही बघा! सांगण्यासारखं आहे खरं, पण त्यात माझी जी शोभा झाली... बरं, बसा. घाई नाही ना? मला घाईनं सांगता येत नाही. आमची ही म्हणायची, "तुम्ही 'आग लागली' हे सांगेपर्यंत घर जळून, विझून, नवं बांधूनसुद्धा होतं."

तर एका जपानी साहेबाला मी जपानी पद्धतीचा मासा करून घातला. मी! शाळेची पायरी न चढलेला, रत्नागिरीचा माणूस. जपान कुठल्या दिशेला आहे हे आजही विचारलंत तर मी आपला वर बघीन. पण मासा मात्र केला. आणि असा केला, असा केला, की एका माणसाची बोलती बंद झाली आणि एका ब्राह्मणाचा धर्म बुडाला. एका माशात! सांगतो, सांगतो. सगळं क्रमानं सांगतो.

साठ सालाच्या पुढची गोष्ट. तेव्हाचं बंगळूर सांगून तुम्हाला पटायचं नाही. आज कोरमंगलात पोरंपोरी स्कूटरींवरून भुर्रकन जातात ना, तिथं तेव्हा तळी होती नि भाताची खाचरं. मी शिवाजीनगरात राहायचो, बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत. कामाला एका सरकारी कारखान्यात. काम काय? तर यंत्रांना तेल पाजायचं. हातात लांब नळीची तेलदाणी, खांद्यावर चिंधी. कुठं काही कुरकुरलं की मी हजर. सावकाशीचं काम हो. माझ्या स्वभावाला देवानंच नेमून दिल्यासारखं.

एकदा आमच्या खात्यात जपानहून एक मोठं यंत्र आलं. खोक्यांतून सुट्टं सुट्टं आलं, आणि ते जोडून चालू करून द्यायला मागोमाग एक जपानी साहेब आला. ओगावासाहेब. नाव ऐकल्या ऐकल्या मी आमच्या कुलकर्णीसाहेबांना म्हटलं, "साहेब, हा तर आपल्याकडचाच निघाला. ओगावकर!"

कुलकर्णीसाहेब म्हणजे आमच्या खात्याचे मुख्य. बेळगावचे. कानडी आणि मराठी एकाच श्वासात बोलायचे, आणि श्वास संपला की इंग्रजी. म्हणाले, "ओगावकर असू दे नाहीतर मडगावकर असू दे. यंत्र चालू करून दे म्हणावं. वरचे साहेब रोज माझ्या मानगुटीवर बसायलेत बघ."

यंत्र जोडायचं कामही झकास चाललं होतं. ओगावासाहेब कामाला वाघ! नाकी डोळी नीटस, अंगानं लहानखुरा, पण एकदा यंत्राखाली शिरला की फक्त बूट दिसायचे. मी त्याच्याबरोबर. त्याला मराठी येत नाही, मला जपानी येत नाही, आणि इंग्रजी त्याला जेवढं यायचं त्याहून मला थोडं कमीच. पण आमचं जमायचं. त्यानं बोट दाखवायचं, मी तेल सोडायचं.

घोडं अडलं ते जेवणापाशी. आमच्या कॅन्टीनमध्ये सांबार-भात. पहिल्या दिवशी त्यानं मोठा घास घेतला आणि त्याचे कान लाल झाले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कान! दुसऱ्या दिवशी रस्सम. तिसऱ्या दिवसापासून तो फक्त केळी आणि पाव खायला लागला. माणूस किती दिवस केळ्यांवर जगणार? पँट ढिली, शर्ट ढिला. पट्ट्याला रोज नवं भोक. मी तर म्हणेन, शेवटी शेवटी पट्ट्यात कातड्यापेक्षा भोकंच जास्त होती.

आणि एके दिवशी कुलकर्णीसाहेब एका रिकाम्या खोक्यावर डोक्याला हात लावून बसलेले.

"काय झालं साहेब?"

"जातो म्हणतोय."

"कोण?"

"तुझा ओगावकर! जपानला जातो म्हणतोय. दुसरा माणूस पाठवतील म्हणे. कधी पाठवतील? देवाला ठाऊक! अर्धं यंत्र जोडलेलं, अर्धं खोक्यात. तो गेला तर हे असंच पडून राहणार की रे, देवळापुढच्या हत्तीसारखं. आणि मी त्याचा माहूत!"

"पण का जातोय?"

"उपाशी मरालाय तो! इथलं काही घशाखाली उतरत नाही. काल झोपेत मासा दिसला म्हणे. मला सांगताना डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मी काय करू? मी मासा आयुष्यात फक्त चित्रात बघितलाय."

आता मला सांगा, मासा म्हटल्यावर रत्नागिरीचा माणूस गप्प बसेल का? बसावं. बसायला हवं होतं. पण मी म्हटलं, "एवढंच ना? साहेब, त्यांना माझ्या घरी आणा. त्यांच्याकडे करतात तसा मासा मी करून घालतो. एकदा पोटभर खाल्लं की जायचं नाव काढणार नाहीत."

"तुला येतो जपानी मासा?"

"साहेब, मासा हा मासा असतो. तो काय जपानी बोलतो?"

हे मी जरा मोठ्यानं बोललो. खात्यातले सगळे हसले. आणि हसण्याचा त्रास काय असतो, की संध्याकाळपर्यंत साऱ्या कारखान्याला कळलं की तेलवाला आता जपानी साहेबाला थांबवणार. फाटकावरचा दरवानसुद्धा मला म्हणाला, "अण्णा, मीन ऊटा जोरा?" मासळीचं जेवण जोरात ना, म्हणून. म्हटलं, जोरात!

मग कुलकर्णीसाहेबांनी ओगावासाहेबाला विचारून घेतलं, की बाबा, स्वप्नात आलेला मासा होता तरी कसला. त्यानं खिशातला छोटा शब्दांचा कोश काढला, कागद घेतला, पेन्सिलीनं माशाचा तुकडा काढला. मोठा जाड तुकडा. नाव सांगितलं, साल्मन. मग बोट ओठाला लावून दाखवलं, गोड. मग खारट. माझ्या डब्यात आल्याचा तुकडा होता, तो उचलून मान हलवली, हेही. मग त्यानं काय केलं माहीत आहे? मी नुकताच पुसलेला यंत्राचा दांडा होता, आरशासारखा लखलखीत, त्यावरून बोट फिरवलं आणि माशाच्या चित्राकडे बोट दाखवलं.

"वरून असा चकचकीत पाहिजे म्हणतोय," कुलकर्णीसाहेब म्हणाले. "गोड, खारट, दाट काहीतरी वरून लावायचं आणि निखाऱ्यावर भाजायचं. कळलं का काही?"

कळलं का? अहो, मला एवढं कळलं की मी हसलोच! गोड, दाट आणि चकचकीत, म्हणजे पाक! आणि पाक म्हटला की तिथं माझा हात धरणारा नाही. तरुणपणी रत्नागिरीत एका हलवायाच्या भट्टीवर मी बरीच वर्षं काढली. एकतारी पाक, दोनतारी पाक, गोळीबंद पाक, झोपेत उठवून विचारा! म्हटलं, जपान काय आणि रत्नागिरी काय, शेवटी सगळं पाकावर येऊन ठेपतं.

दिवस ठरला बुधवार. सोमवारी, मंगळवारी, शनिवारी आमच्यात मासा शिजत नाही, आणि बुधवारी सकाळी मंगळुराहून बर्फातला माल येतो. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाजारात गेलो.

बाजारात बाशाभाई म्हणून माझा नेहमीचा मासेवाला. त्याला म्हटलं, "बाशाभाई, साल्मन आहे का?"

त्यानं माझ्याकडे खालून वर पाहिलं. "क्या अण्णा, लाटरी लगी क्या? साल्मन तो गोरे साबलोगां खाते थे, डब्बे में बंद. साबलोगां गए, डब्बे भी गए."

"मग आता?"

"रावस लेव. वोइच साबलोगां रावस को देसी साल्मन बोल के खाते थे. मछली को थोड़ी मालूम, उसका नाम क्या है?"

बघा! माझंच मत त्याचंही मत. छान ताजा रावस होता, मांस जरासं गुलाबीच. जाड जाड तुकड्या करून घेतल्या. वाटेत मंड्याचा गूळ घेतला, चांगला काळपट, चिकट. आलं घेतलं. ब्रश घेतला.

घरी गेलो तर आमची ही पदर खोचून तयार. "आणा इकडं. तिरफळं घालून झणझणीत कालवण करते."

"कालवण नाही. आज तू बसायचंस. आज मी."

तिनं पिशवीत डोकावून पाहिलं. "गूळ कशाला? नि हा रंगाचा ब्रश?"

"माशाला पाक लावायला."

तिनं ब्रश उलटसुलट करून पाहिला. पाटावर बसली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "अहो, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

मी सगळं नीट समजावलं. जपान, दांडा, चकाकी. तिनं ऐकून घेतलं नि म्हणाली, "ते सगळं असेल हो. पण मी बाजूला कालवण करून ठेवते. असू दे."

"अजिबात नाही! कालवणाचा वास आला की त्याचे कान लाल होतील. तू फक्त साधा पांढरा भात कर."

शेगडी पेटवली. तुकड्यांना मीठ-आलं चोळून ठेवलं. पातेल्यात गूळ चढवला, मीठ टाकलं, आणि ढवळत बसलो. सावकाश, मन लावून. एकतारी झाला. थोडा माशावर लावून पाहिला, ओघळून गेला. चकाकी नाही. दोनतारी झाला. जरा चमकला, पण दांड्यासारखा? नाही! म्हटलं, गोळीबंदच पाहिजे. थेंब गार पाण्यात टाकला, त्याची गोळी झाली. गोळी ताटलीत टाकली.

टण्ण!

काय आवाज होता! भट्टीवरचा आमचा मालक असता तर पाठ थोपटली असती. म्हटलं, जमलं!

ही म्हणाली, "अहो, असा टण्ण वाजतो तो चिक्कीचा पाक. हा निवला की काय होईल?"

"निवतो कशाला? जपानी माणूस सातला येतो म्हणाला म्हणजे सातला येणार. पानं मांडलेली, मासा निखाऱ्यावर. आला, बसला, वाढला, खाल्ला. गरम आहे तोवर लुसलुशीत."

आणि खरंच होतं ते! मी भाजलेल्या तुकड्यांवर तो पाक ब्रशानं लावला, पुन्हा निखाऱ्यावर धरला, पुन्हा लावला. काय रूप आलं हो माशाला! वाकून बघितलं तर त्यात माझी मिशी दिसत होती. मी हिला बोलावलं. "बघ, तुझं कुंकूसुद्धा दिसेल यात." तिनं पाहिलं, आणि दिसलं असणार, कारण तिनं ते नीट केलं.

बरोबर सातला दारात पावलं वाजली. ओगावासाहेब, आणि मागून कुलकर्णीसाहेब, दुभाषी म्हणून. ओगावासाहेबानं न सांगता बूट बाहेर काढले, तेही असे जोडून की टोकं रस्त्याकडे. ही आतून बघून म्हणाली, "वळण आहे हो पोराला."

केळीची पानं मांडलेली. ओगावासाहेब पाटावर गुडघे दुमडून असा छान बसला, की आमच्याच पंगतीत वाढलेला! कुलकर्णीसाहेब जरा लांब, भिंतीला टेकून. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "मी फक्त ताक घेणार. तेही तुमच्या भांड्यातलं नको, मी तांब्या आणलाय."

मी निखाऱ्यावरून मासा काढला आणि पानावर वाढला. दिव्याखाली असा लखलखला म्हणता! ओगावासाहेबाचे डोळे भरून आले. त्यानं "ओ..." असा लांब सूर काढला आणि हात जोडले. माझी छाती दीड वीत फुगली. झालं काम, राहिला हा माणूस!

"घ्या साहेब, घ्या," मी म्हटलं.

त्यानं मान लववली. आणि बसून राहिला.

मी हात जोडून समोर उभा. आता आपली रीत काय? पाहुणा जेवल्याशिवाय घरचा माणूस पानाला हात लावत नाही. मी म्हटलं, "घ्या ना!"

त्यानं पुन्हा मान लववली. माझ्याकडे हात केला. बसून राहिला.

"साहेब, काय म्हणतोय तो?"

कुलकर्णीसाहेब त्याच्याशी बोलले. म्हणाले, "तू आधी घे म्हणतोय. त्यांच्यात म्हणे घरच्यानं पहिला घास घेतल्याशिवाय पाहुणा हात लावत नाही. बरं दिसत नाही म्हणे."

"छे छे छे! हे काय भलतंच! सांगा त्यांना, आमच्यात पाहुण्याच्या आधी घरचा जेवला तर चार माणसांत तोंड दाखवायला जागा नाही."

सांगितलं. ओगावासाहेबानं ऐकलं, मला आणखी खाली वाकून नमस्कार केला, आणि हात मांडीवर ठेवून तसाच बसला. मीही वाकून नमस्कार केला. तो वाकला. मी वाकलो. मधे मासा.

"अरे, कुणीतरी खावा की!" कुलकर्णीसाहेब वैतागले. "मी मधे नमस्कार मोजायला बसलोय काय?"

"साहेब, तुम्ही सांगा ना, आधी त्यांनी..."

"सांगितलं! तो म्हणतोय, इतका मान मिळालाय, तो मोडून मी आधी कसा खाऊ? तू म्हणायलास, मी कसा खाऊ? बसा मग सकाळपर्यंत!"

आतून हिनं कुजबुजत हाक मारली, "अहो, मासा निवतोय."

मी हातानं गप्प केलं. इथं दोन देशांच्या अब्रूचा प्रश्न, आणि हिला मासा!

तेवढ्यात पानावरून बारीक आवाज आला. टिक्. थोड्या वेळानं पुन्हा. टिक्. हलवायाच्या भट्टीवर राबलेल्या माणसाला हा आवाज कळायला हवा होता. पण मी तेव्हा वाकलेला होतो.

शेवटी कुलकर्णीसाहेबांनीच तोडगा काढला. मीही समोर पान मांडून बसायचं आणि दोघांनी एकदम पहिला घास घ्यायचा. ते 'हं' म्हणतील तेव्हा. मी पान मांडलं, तुकडी वाढून घेतली, ओगावासाहेबानं खिशातून स्वतःच्या काड्या काढल्या, त्या लोकांच्या जेवायच्या असतात त्या.

"हं!"

मी तुकडी उचलली. तुकडीबरोबर पान उचललं गेलं.

समोर ओगावासाहेबानं काडी माशाला लावली. टक्. काडी सरकली. त्यानं पुन्हा लावली. टक् टक्.

आतून ही पदर सावरत लगबगीनं आली आणि तिनं बाहेरचं दार उघडलं. गल्लीत डावीकडे उजवीकडे पाहिलं. "कोण नाही हो! वाजवून कोण गेलं?"

ओगावासाहेबानं काडी हळूच खाली ठेवली.

पण मी खचणारा माणूस नव्हे. माझा शांतपणा हा माझा एकच गुण, तो मी तिथं वापरला. म्हटलं, "वरचं कवच जरा कडक आहे. आत मऊ आहे. फोडून देतो." आणि कोनाड्यातला अडकित्ता घेतला. हो, सुपारीचा! त्यात त्याच्या पानातली तुकडी धरली आणि दाबलं.

कट्टकन फुटली. सुपारीसारखीच फुटली हो! अर्धी माझ्या हातात राहिली. अर्धी कुठं गेली ते दिसलं नाही, ऐकू आलं.

डुबुक्!

कुलकर्णीसाहेबांनी तांब्यात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा तांब्यात पाहिलं.

"ताकात," ते म्हणाले.

"साहेब..."

"माझ्या ताकात रावस! आज्जा अग्निहोत्री होता माझा! आणि मी निम्मं ताक प्यालोय, कळलं का, निम्मं! आता हे पहिल्या निम्म्यात होतं की दुसऱ्या निम्म्यात, मी कुणाला विचारू?"

"दुसऱ्या, साहेब. आत्ता उडालं. मी साक्षीला आहे."

"तू गप्प बस!"

या गडबडीत ओगावासाहेबानं, काय भला माणूस, अडकित्त्यातला उरलेला तुकडा माझ्या हातातून घेतला आणि तोंडात टाकला. दोन्ही दाढांमध्ये धरला आणि चावला.

चावला, आणि थांबला.

गोळीबंद पाक तोंडाच्या उबेनं मऊ होतो आणि मग जो चिकटतो, तो चिकटतो. त्याची खालची दाढ आणि वरची दाढ एक झाली. त्यानं तोंड उघडायचा प्रयत्न केला. नाही. गाल हलले, भुवया हलल्या, जबडा जागचा हलेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आणि मी, मी काय समजावं? मी कुलकर्णीसाहेबांना म्हटलं, "बघा! आईच्या हातची आठवण आली त्यांना. बोलवत नाहीये."

ते तांब्या धरून बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते, त्यांनी ऐकलं नाही. मी ओगावासाहेबाकडे वळून विचारलं, "आवडलं?" तो म्हणाला, "म्म्म्म्!" मी म्हटलं, आणखी हवाय. अहो, पाहुणा 'म्म्म्' म्हणतोय आणि पान रिकामं, तर आपण काय करतो? मी दुसरी तुकडी फोडली. त्यानं दोन्ही हात हलवले. मी म्हटलं, संकोच नको. आग्रह केला. आपल्यात आग्रहाशिवाय जेवण असतं का? तो हात हलवतोय, मी वाढतोय, तो रडतोय, मी गहिवरतोय!

वाचवलं ते आमच्या हिनं. तिनं मला खांद्यानं बाजूला सारलं, गरम पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, तोंडात धर. धरला. हळूहळू जबडा सुटला. मग तिनं गरम भात वाढला, वर गरम पाणी, चिमूटभर मीठ. आपली पेज! तो ते वाटीला तोंड लावून भुरकन प्यायला. पुन्हा वाटी पुढे केली. पुन्हा प्यायला.

मी म्हटलं, "माशानंतर त्यांना पेज लागत असेल. रीत असेल."

ही म्हणाली, "हो. रीतच असेल."

जाताना त्यानं बूट घातले, आणि मला असा वाकून नमस्कार केला की त्याचं कपाळ जवळजवळ गुडघ्याला लागलं. माझा हात दोन्ही हातांत धरला. हिच्याकडे पाहिलं, घरातल्या रिकाम्या फडताळाकडे पाहिलं, आणि पुन्हा डोळे पुसले. कुलकर्णीसाहेब माझ्याशी बोलले नाहीत. पण मी त्या दिवशी काय शांत झोपलो म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो तर ओगावासाहेब यंत्रापाशी नाही. वरच्या साहेबांकडे गेलाय म्हणाले. कुलकर्णीसाहेबांनाही बोलावणं आलं. ते जाताना म्हणाले, "चला. तिकीट काढायला गेला असणार. दाढेचा खर्च मागू नये म्हणजे मिळवली."

मी तेलदाणी घेऊन त्या अर्धवट यंत्राभोवती फिरत राहिलो. जे सुटे भाग फिरतसुद्धा नव्हते त्यांनाही तेल पाजलं. बराच वेळ गेला. मग कुलकर्णीसाहेब आले. चेहरा असा, की हसू की रडू ठरवायचं राहिलंय.

"थांबतोय," ते म्हणाले. "यंत्र पुरं होईपर्यंत थांबतोय."

झालं! मला दुसरं काय हवं? मी तेलदाणी तिथंच ठेवली आणि खातंभर हिंडलो. "थांबला! म्हटलं नव्हतं? एकदा माझ्या हातचं खाल्लं की..." कॅन्टीनमध्ये सांगितलं. फाटकावर दरवानाला सांगितलं. तो म्हणाला, "सरी अण्णा, सरी!" बढाई मी कधी मारत नाही, पण त्या दिवशी मारली. कुलकर्णीसाहेब मला हाका मारत मागून येत होते. "अरे थांब की! पुढचं ऐक की!" मी कशाला ऐकतो!

संध्याकाळी घरी पोचलो, हिला सांगायला तोंड उघडलं, आणि दारात ओगावासाहेब उभा. एका हातात बाशाभाईकडचा रावस, पानात गुंडाळलेला. दुसऱ्या हातात एक लहानशी काळी बाटली, त्याच्या देशातून आणलेली, तळाशी थोडं काहीतरी उरलेलं. मागे कुलकर्णीसाहेब. या वेळी तांब्या नव्हता.

ओगावासाहेबानं मला नमस्कार केला, दोन्ही खांदे धरून हळूच बाजूला बसवलं आणि सरळ शेगडीपाशी गेला. बाह्या वर केल्या. बाटलीतलं काळं खारट पाणी, चिमूटभर साखर, आलं. पाण्याहून जरासं दाट. ते माशावर नुसतं शिंपडत, फिरवत राहिला. पाक नव्हताच तो! पण चकाकी? दांड्यासारखी! आणि बोट लावलं तर मासा लोण्यासारखा.

"साहेब," मी हळूच विचारलं, "हे काय? आज हा का करतोय?"

कुलकर्णीसाहेब माझ्या शेजारी बसले. "तेच सांगत होतो दिवसभर. वरच्या साहेबांना काय म्हणाला ऐकायचंय? म्हणाला, मला वाटत होतं या गावात मी एकटाच उपाशी आहे. पण काल मी त्या तेलवाल्याच्या घरी गेलो. ते बिचारे नवराबायको रोज तसलं खातात. सुपारीच्या अडकित्त्यानं फोडून खातात. आणि तरी हसतमुख! मी त्यांना तसंच सोडून देशाला जाऊ कसा? निदान आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या पोटात काहीतरी मऊ पडू दे."

मी उठलोच, म्हटलं आत्ताच्या आत्ता याला सांगतो, की बाबा रे, तो एक दिवसाचा प्रकार होता, आमच्या घरी रोज उत्तम कालवण होतं, सोलकढी होते, बायको माझी सुगरण आहे!

पण आमच्या हिनं माझा हात धरला. ती आयुष्यात पहिल्यांदाच संध्याकाळच्या वेळी पाय पसरून बसली होती, पुढ्यात गरम गरम वाढलेलं पान. घास तोंडात घोळवत माझ्या कानाशी म्हणाली, "खबरदार! मला स्वयंपाक येतो म्हणून त्यांना सांगितलंत तर."